प्रश्न लहान कसा करायचा: संशोधनात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी

संशोधनाकडे नव्याने वळणारे बहुतेक जण पहिला प्रश्न निवडतात तो डोंगराएवढा. कुणाला मूळसंख्यांशी निगडित असलेली, अजून न सुटलेली रीमानची अटकळ सोडवायची असते, कुणाला विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य कशाचं बनलंय ते शोधायचं असतं, कुणाला साध्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारा पदार्थ, हवा असतो. ही ओढ खरी असते, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण सहा महिन्यांनी वही उघडून पाहिली तर आत वाचलेल्या लेखांची टिपणं असतात आणि स्वतःचं म्हणावं असं एक वाक्यही नसतं. बुद्धी कमी पडली म्हणून असं होत नाही. प्रश्न एवढा मोठा असतो की त्याला हात घालायला जागाच सापडत नाही.

ती जागा कशी शोधायची, एवढंच मला इथे सांगायचंय. मोठ्या प्रश्नातून असा तुकडा कापून काढायचा, की ज्याचं उत्तर आठवड्या-दोन आठवड्यांत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मिळू शकेल. गणित असो, भौतिकशास्त्र असो की अभियांत्रिकी, हे कसब सगळीकडे लागतं आणि ते सरावाने येतं.

पहिली पायरी: प्रश्नाची जात ओळखा

गणितात उत्तर म्हणजे सिद्धता. कोट्यवधी उदाहरणं जुळली तरी सिद्धता होत नाही, आणि एकच उदाहरण बिनसलं की अख्खी अटकळ कोसळते. कुठल्याही संख्येचा पाचवा घात हा चार पाचव्या घातांची बेरीज म्हणून लिहिता येणार नाही, असं ऑयलर या गणितीला अठराव्या शतकात वाटलं होतं. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणक लावून शोध घेतला आणि त्यांना सापडलं: २७, ८४, ११० आणि १३३ यांचे पाचवे घात मिळवले की बरोबर १४४चा पाचवा घात येतो. त्यांचा शोधनिबंध दोन वाक्यांचा होता. आणखी लिहिण्याची गरजच नव्हती.

निसर्गविज्ञानात उत्तर मोजमापातून येतं, आणि मोजमापाला त्रुटीची मर्यादा जोडलेली असते. बुधाच्या कक्षेचं सूर्याजवळचं टोक हळूहळू सरकतं. इतर ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशोब केला तरी शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक उरत होता. विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. मोजमापातली त्रुटी या फरकापेक्षा लहान होती, म्हणूनच तो खगोलशास्त्राला छळणारा प्रश्न ठरला. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून नेमका तोच आकडा बाहेर पडला. मोजमाप ढिलं असतं, तर सोडवायला प्रश्नच उरला नसता.

उपयोजित विज्ञानात विचारायचं असतं की चालतं का, किती काळ चालतं आणि कशाने बंद पडतं. पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाचे सौरघट २००९ मध्ये उन्हातल्या जेमतेम ३.८ टक्के ऊर्जेची वीज करत होते, आता प्रयोगशाळेत ते २५ टक्क्यांच्या पुढे गेलेत. पण ओल, उष्णता आणि उजेड यांनी घटातला पेरोव्हस्काइटचा थर खराब होतो. तेव्हा या विषयात नव्याने येणाऱ्याने कार्यक्षमतेच्या शर्यतीत धावण्यापेक्षा टिकाऊपणाचा एखादा कोपरा धरावा, असं माझं मत आहे.

वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: ‘काय हाती आलं म्हणजे उत्तर मिळालं असं मी म्हणेन?’ ही ओळ पुरी करता आली नाही, तर तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून नाही.

दुसरी पायरी: कापा

मोठी माणसंही हेच करतात. ज्यांच्यात फक्त २चं अंतर आहे अशा मूळसंख्यांच्या जोड्या अनंत आहेत का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. यितांग झांग या गणितींनी २०१३ मध्ये त्याचा एक तुकडा सोडवला. २ बाजूला ठेवा, पण असा एखादा ठरावीक आकडा तरी आहे का, की तेवढ्या अंतराच्या आतल्या मूळसंख्यांच्या जोड्या अनंत असतील? त्यांनी दाखवलं की ७ कोटी चालतात. २ कुठे आणि ७ कोटी कुठे! तरीही गणिताच्या जगात खळबळ उडाली, कारण तोवर कुठलाच आकडा हाती नव्हता. वर्षभरात इतरांनी तो २४६ पर्यंत खाली आणला.

आता एक प्रश्न आपण स्वतः कापून पाहू. वही-पेन्सिल जवळ घ्या, नुसतं वाचू नका.

द. रा. कापरेकर शाळेत शिकवणारे गणिती होते. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येला पुन्हा तेच करा. ३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे गाडी तिथेच थांबली. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतंच.

इथे नवखा माणूस दोनशे संख्या तपासतो, खूश होतो आणि थांबतो. खरा प्रश्न आहे तो ‘का?’ आणि चार अंकांवर तो एकदम सुचत नाही. म्हणून एक अंक कमी करा.

तीन अंक घेतले, तर सगळ्यात मोठ्या अंकाला म म्हणू आणि सगळ्यात लहानाला ल. वजाबाकी मांडलीत तर दिसेल की उत्तर नेहमी ९९ × (म − ल) येतं. मधला अंक दोन्ही संख्यांत दहाच्याच घरात बसतो आणि उडून जातो! म्हणजे मूळ संख्या कोणती होती याला काही महत्त्व नाही, फक्त म आणि ल यांच्यातला फरक पाहायचा. तो १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. शेकडो संख्यांचा प्रश्न नऊ ओळींवर आला.

त्या नऊ ओळी अशा. फरक १ असेल तर ०९९ मिळतं, त्यातला नवा फरक ९. फरक २ असेल तर १९८, नवा फरक ८. ३ असेल तर २९७, नवा ७. ४ असेल तर ३९६, नवा ६. ५ असेल तर ४९५, नवा पुन्हा ५. ६ असेल तर ५९४, नवा ५. ७ असेल तर ६९३, नवा ६. ८ असेल तर ७९२, नवा ७. ९ असेल तर ८९१, नवा ८. आता बाण काढा: १ वरून ९ वर, ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५, आणि ५ तिथेच. २, ३, ४ हे अनुक्रमे ८, ७, ६ वर जाऊन याच रस्त्याला लागतात. म्हणून तीन अंकी प्रत्येक संख्या सहा पायऱ्यांच्या आत ४९५ वर पोचते.

ही पूर्ण सिद्धता आहे, तिच्यात कुठेही ‘तपासून पाहिलं तर असं दिसतं’ नाही. पहिल्यांदा मी ती पुरी केली तेव्हा पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या नऊ बाणांकडे पाहत बसलो होतो.

आता चार अंकांकडे परत या. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). फरक दोनच, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. मोजा: ९,९९० संख्यांऐवजी फक्त ५४ जोड्या उरतात. ६१७४ मध्ये ते फरक ६ आणि २ आहेत, ५९९४ + १८० = ६१७४. चोपन्न ओळी हाताने लिहिता येतात. दोन तास लागतील, पण लिहाच.

तिसरी पायरी: एक गोष्ट बदला

तुकडा सुटला की त्याची एकच अट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. एका वेळी दोन अटी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

अंक दोन केले तर? ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, असं चक्र फिरत राहतं, स्थिर संख्या सापडत नाही. दशमान पद्धत सोडली तर? तीन अंक ठेवा आणि पाया १०ऐवजी ८, १२, ७, ९ घेऊन पाहा. पाया सम असेल तर एक स्थिर संख्या मिळते. पाया विषम असेल तर दोन संख्यांमध्ये झोका चालू राहतो. वरच्या नऊ बाणांची युक्ती थोडी बदलून तुम्ही हे स्वतः सिद्ध करू शकता. हा निकाल माहीत असलेला आहे, पण तो तुमच्या हाताने निघाला की पुढचा प्रश्न तुमच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि तो कदाचित कुणी विचारलेला नसेल.

चौथी पायरी: व्याख्या घट्ट आवळा

हीच प्रक्रिया तपासायला मी पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा त्याने सांगितलं की २१११ सारख्या संख्या शून्यावर जातात. मला वाटलं, अपवाद सापडला! एक रात्र त्याच आनंदात गेली. सकाळी हाताने केलं: २१११ − १११२ = ९९९. संगणकाने ९९९ ही तीन अंकी संख्या धरली, ९९९ − ९९९ = शून्य. पण चार अंकांच्या खेळात ती ०९९९ आहे. पुढे ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. डावीकडचं शून्य ठेवायचं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून संगणकाने ते ठेवलं नाही.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी मी प्रश्नातल्या प्रत्येक शब्दापुढे ‘म्हणजे काय?’ लिहितो. ‘संख्या’ म्हणजे काय, ‘पोचते’ म्हणजे काय, ‘सगळ्या’ म्हणजे कुठल्या. कंटाळवाणं वाटतं, पण चुका बहुतेक इथेच पकडल्या जातात.

पाचवी पायरी: मोजायचा प्रश्न असेल तर

गणिताबाहेर हीच काळजी दसपट लागते. एक सुंदर उदाहरण आहे. टांझानियातल्या एरास्तो म्पेम्बा या विद्यार्थ्याला १९६३ मध्ये दिसलं की त्याचं आइस्क्रीमचं गरम मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठलं. शाळेत त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, पण त्याने प्रश्न सोडला नाही आणि १९६९ मध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑसबोर्न यांच्याबरोबर त्यावर शोधनिबंध लिहिला. गरम पाणी थंड पाण्याआधी गोठतं का? वाक्य किती सोपं आहे. तरी त्यावरचा वाद पन्नास वर्षांनंतरही चालूच राहिला.

कारण त्या वाक्यात सगळंच मोकळं सोडलेलं आहे. गोठणं म्हणजे ० अंश गाठणं, पहिला बर्फाचा कण दिसणं, की सगळं पाणी घट्ट होणं? पाणी शून्याखाली जाऊनही काही वेळ द्रव राहू शकतं, मग वेळ कधी थांबवायची? गरम पाण्याची वाफ होऊन पाणीच कमी होतं, ते कसं धरायचं? गरम भांड्याखालचा हिमाचा थर वितळून भांडं पृष्ठभागाला चिकटलं, तर फायदा पाण्याचा की पृष्ठभागाचा? २०१६ मध्ये हेन्री बरिज आणि पॉल लिंडन यांनी जुनी मोजमापं तपासली, स्वतः प्रयोग केले आणि दाखवलं की भांड्यात तापमापक थोडा वर-खाली झाला तरी निकाल उलटा दिसू शकतो. हा परिणाम खरंच घडतो असं मानण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर कापलेला प्रश्न असा दिसेल: ‘एकाच आकाराची दोन भांडी, प्रत्येकात २०० मिलिलीटर आधी उकळून निवलेलं पाणी. सुरुवात ८० आणि २० अंशांवर. तापमापक तळापासून २ सेंटिमीटरवर पक्का बांधलेला. तापमान ० अंशाला येईपर्यंतचा वेळ मोजायचा. दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत भांड्यांच्या जागा बदलायच्या. पाण्याचं वजन आधी आणि नंतर.’ याचं उत्तर नक्की मिळतं. ते ‘नाही’ आलं तरी कामाचं आहे. आणि दहाही आकडे लिहा, फक्त आवडलेले नकोत.

सहावी पायरी: आधी कुणी केलंय का?

हे काम सुरुवातीलाच करावं की नंतर, यावर मतभेद आहेत. माझा सल्ला असा की आधी दोन-चार दिवस स्वतः झटापट करा, मग शोधा. झटापट केलेली असली की दुसऱ्याच्या लेखात नेमकं काय कठीण होतं ते दिसतं.

संख्यांची मालिका मिळाली असेल तर पूर्णांकांच्या मालिकांचा ऑनलाइन ज्ञानकोश उघडा. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये मालिका गोळा करायला सुरुवात केली आणि आज तिथे साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. पहिली सहा-सात पदं टाकली की पुष्कळदा नाव, सूत्र आणि जुने लेख एका पानावर मिळतात. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राचे शोधनिबंध १९९१ पासून चालणाऱ्या ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी ‘पबमेड’ आहे. एखाद्या विषयाचा आढावा घेणारा लेख मिळाला तर तो सोन्यासारखा, आधी तोच वाचा.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला जाऊ नका. सारांश, मग शेवट, मग आकृत्या, आणि त्यानंतर गरज असेल तर आतलं. शेवटच्या परिच्छेदात लेखक बहुतेक वेळा सांगतात की काय करायचं राहून गेलं. तुमच्यासाठी प्रश्न तिथे पडलेले असतात.

शोधता शोधता आपलाच निकाल चाळीस वर्षांपूर्वी छापलेला सापडला तर वाईट वाटतं, ते साहजिक आहे. पण त्याचा अर्थ तुम्ही बरोबर वाटेवर होता. त्या लेखाच्या पुढे काय झालं ते पाहा आणि तिथून कापायला घ्या.

सातवी पायरी: स्वतःच्या निकालाला छळा

वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडा, तीन रेषा आत एकाच जागी छेदणार नाहीत असे. या रेषांनी वर्तुळाचे किती भाग होतात? १ बिंदूला १ भाग, २ बिंदूंना २, मग ४, ८, १६. सहा बिंदूंना? जवळपास प्रत्येक जण ३२ म्हणतो. मोजलेत तर ३१ येतात. हे चित्र स्वतः काढून मोजलेला माणूस पुन्हा कधी पाच उदाहरणांवर विसंबत नाही.

प्रयोगातही तसंच. २०११ मध्ये ‘ओपेरा’ या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो हे अतिशय हलके कण सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. त्यांनी महिनोन्महिने चूक शोधली, सापडली नाही, तेव्हा आकडे जगापुढे ठेवले आणि तपासायला सांगितलं. पुढे कळलं की एका प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती. मला यात त्यांची नाचक्की दिसत नाही. आपला निकाल खोटा ठरू शकेल अशी प्रत्येक वाट त्यांनी इतरांसाठी उघडी ठेवली होती.

निकाल हाती आला की एक दिवस राखून ठेवा, तो फक्त मोडण्यासाठी. टोकाची उदाहरणं घ्या: शून्य, एक, सगळे अंक सारखे, रिकामं भांडं. प्रोग्रॅम वापरला असेल तर तेच काम दुसऱ्या पद्धतीने लिहा. जमलं तर कुणाला तरी समोर बसवून फळ्यावर समजावून सांगा. जिथे तुमचा आवाज हळू होतो, तिथे भोक असतं. गणिती अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये साडेतीनशे वर्षं न सुटलेल्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली आणि परीक्षणात तिच्यात खिंडार सापडलं. ते बुजवायला रिचर्ड टेलर यांची मदत घेऊनही १९९४चा सप्टेंबर उजाडला. परीक्षकाने बारकाईने वाचलं म्हणून ती सिद्धता आज उभी आहे.

आठवी पायरी: लिहा आणि दाखवा

दोन पानं पुरतात. प्रश्न काय, व्याख्या काय, निकाल काय, कसा मिळाला, काय राहिलं. गणित असेल तर सूत्रं नीट छापणारी ‘लाटेक’ ही संगणकप्रणाली शिकून घ्या, आठवडाभरात हात बसतो. प्रयोग असेल तर कच्चे आकडे जोडा.

मग एखाद्या जाणकाराला पत्र पाठवा. ‘मी एक मोठा शोध लावलाय’ अशी सुरुवात करू नका. ‘तीन अंकी संख्यांसाठी विषम पायात दोनाचं चक्र येतं हे मी सिद्ध केलंय, दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या ओळीबद्दल मला शंका आहे’ असं लिहा. नेमक्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं, म्हणून ते मिळण्याची शक्यताही जास्त. कुणीच उत्तर दिलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा आणि मग दुसऱ्या कुणाला विचारा.

वाट पाहत असताना पाच अंकी संख्या घ्या. वजाबाकी लिहिलीत की मधला अंक पुन्हा उडेल, पुन्हा दोनच फरक उरतील आणि पुन्हा ५४ जोड्या. पण या वेळी बाण एका जागी येत नाहीत. ते तीन निरनिराळ्या चक्रांत जातात: दोन चक्रं चार-चार संख्यांची आणि एक दोन संख्यांचं, ५३९५५ आणि ५९९९४. चौपन्नपैकी कुठली जोडी कुठल्या चक्रात जाते, याचा तक्ता बनवा.